साहेब उतरेपर्यंत गप्प

उस्ताद, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही उलटून काही बोलणार नाही, म्हणून मन मोकळं करतो. लातूरजवळच्या माळावरच्या आपल्या दोन्ही धावपट्ट्या अजून तशाच आहेत, अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींना कापणाऱ्या. मधे आडवी आलेली विमानांची शेड, लिंबाची झाडं; एका पट्टीच्या टोकावरून दुसरीवर काय चाललंय ते दिसत नाही. वाट सांगणारा मनोरा तेव्हाही नव्हता, आजही न्हाई. आपण कुठं आहोत, कोणत्या पट्टीवर येतोय हे ज्यानं त्यानं रेडिओवर सांगायचं अन् दुसऱ्याचं ऐकायचं, त्यावरच सगळं चालतं. उमरीहून आलेला मी विमानं धुता धुता तुमच्याकडं उडवायला शिकलो. एकदा लाजेपायी न बोलताच उतरलो, तर तुम्ही चहाची बशी खाली ठेवून म्हणालात, "मुँह में दही जम्या क्या रे? आसमान तेरे बाप का है?" मग तुम्हीच समजावलंत, उतरतं विमान म्हणजे उतारावरची भरली गाडी. जमिनीवरच्यानं थांबायचं, अन् दोघंही उतरत असतील तर जो खाली, त्याला आधी जाऊ द्यायचं.

मागल्या आठवड्यात नांदेडहून एक मोठे साहेब छोट्या विमानानं आले. इथल्या मॅनेजरनं सकाळीच फर्मान सोडलं, "साहेब उतरेपर्यंत रेडिओवर कुणी बडबडायचं नाही. बरं दिसत नाही." बरं दिसत नाही! जसं काही सासऱ्यापुढं सून बोलून राहिली. इथंच उडवायला शिकणारी माझी नात तेव्हा एकटी विमान घेऊन आखूड पट्टीवर उतरत होती. लांब पट्टीवर उतरायला आलेलं साहेबांचं विमान, तेही मुकं. मैदान आपल्यासाठी झाडून ठेवलंय असं त्यांच्या पायलटला वाटलेलं. पोरीला ते शेडच्या वरून दिसलं अन् फर्मान गुंडाळून ठेवून ती बोलली, "आखूड पट्टीवर उतरतेय, मी खाली आहे." त्यानं विमान वर उचललं, एक घिरटी घातली. ती बोलली नसती तर पट्ट्या एकमेकींना कापतात तिथंच दोघं भेटले असते.

खाली हार घेऊन ताटकळलेली माणसं. मॅनेजर तिच्यावर धावला, "साहेबांना घिरटी मारायला लावलीस! जरा थांबता येत नव्हतं?"

"हवेत कुठं थांबू, सर? खुंटीला टांगून?"

पायलट शेडमागं येऊन हळूच म्हणाला, "ताई, बोललीस म्हणून वाचलो." अन् हाच बाबा पाच मिनिटांनी स्वागताच्या मांडवात, साहेबांना सुखरूप उतरवल्याबद्दल शाल घेत होता, तोंडातून ब्र नाही. उस्ताद, घासात माशी निघावी तसं झालं मला. त्या मांडवातलं पाणीसुद्धा प्यायलो नाही.

माफी मागेपर्यंत पोरीचं उडणं बंद. "आबा, मागू का? लायसनची परीक्षा तोंडावर आलीय."

मी म्हटलं, "आज बोलल्याची माफी मागशील, तर उद्या बोलायच्या वेळी जीभ अडखळेल."

"मग न्हाईच मागत," म्हणाली. आज तिची शिकायची जागा दुसऱ्याला दिली. आता दुसरीकडं कुठं जमतं ते बघायचं. वर्ष तर गेलंच.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी, राहील उशीखाली. पण तुमच्यापाशी खोटं कशाला? मॅनेजर "उडणं बंद" म्हणाला तेव्हा राग नंतर आला. आधी बरं वाटलं, पोरगी आता जमिनीवर तरी राहील. तिला हे सांगितलेलं न्हाई.