पांढरे दाणे

४ जुलै

ती. रू. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गावाच्या वनात अळ्यांनी पानांच्या नुसत्या शिरा ठेवल्यात, हे वाचून जीव खालीवर झाला. औषध फवारू नका, पाखरं मरतील. अळ्या हातांनी वेचून जाळा. काहींच्या पाठीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे आहेत, त्या राहू द्याव्यात असं तुम्ही लिहिलंत. अहो बाबा, ती अंडी आहेत! त्या आधी वेचा. राखणदार तुम्ही झाडांचे की अळ्यांचे?

आईला सांगा, शेतकी ऑफिसात मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय.

या चिडवण्याने लोभ आटू देऊ नका.

तुमची चिमणी

२० जुलै

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तीस माणसं तीन दिवस राबली. चार पोती जाळली. गावाच्या वन समितीला तुझं नाव सांगितलं नाही. पोरीच्या सांगण्यावर चालतो म्हणून हसले असते. दाणेवाल्या अळ्या खात नव्हत्या, नुसत्या लटकल्या होत्या. हात अडखळला. पण तू पदवीधर, मी चौथीतून उठलेला. एक तेवढी बरणीत ठेवलीय. आई नाक मुरडते.

जेवणाची आबाळ करू नकोस.

बाबा

९ ऑगस्ट

ती. रू. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज साहेबांनी भिंगाखाली ते दाणे दाखवले. ती अंडी नव्हेत. अळीला आतून पोखरून मारणाऱ्या बारीक माश्यांचे ते कोष. आपले राखणदार मी तुमच्याच हातांनी जाळायला लावले. पुस्तकातलं चित्र अर्धवट आठवलं आणि मी ठोकून दिलं. माझं पहिलं पत्र समितीपुढे ठेवा. बोल मला लागू दे.

रागावलात तरी दोन ओळी लिहा.

चिमणी

२५ ऑगस्ट

चि. चिमणीस आशीर्वाद.

अळ्यांची दुसरी पिढी आली आणि आठवड्यात वन बोडकं झालं. समितीने माझी शिट्टी आणि काठी काढून घेतली. वीस वर्षांचा राखणदार, एवढंही कळू नये, असं अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले. तुझं पत्र दाखवणार कुठून? तुझी नोकरी नवी, म्हणून तेव्हाच शेगडीत घातलं होतं.

एक सांगायचं राहिलं. तू कोषांचं लिहायच्या दहा दिवस आधीच बरणीत बारीक माश्या उडाल्या होत्या आणि अळी मेली होती. मला तेव्हाच कळलं. तुला कळवायला हात धजला नाही.

काल त्या माश्या वनात सोडायला गेलो. झाकण उघडलं, तर सगळ्या तळाशी पडलेल्या.

इतक्यात घरी येऊ नकोस. लोक विचारतील, आणि तू खरं सांगशील.

बाबा