माधोच्या चुलीची भिंत

ता. ४ ऑगस्ट १९८१, मंगळ.
पावसाच्या झडीचा अकरावा दिवस. धोतरं दोनच. एक अंगावर, एक भिंतीवर. भिंत गरम.
पलीकडे माधोची चूल याच भिंतीला लागून. वाटणीत सैपाकाची खोली धाकट्याला, म्हणजे माधोला गेली, ओसरी मला आली. मधलं दार विटा-मातीने बुजवून आठ वर्षं झाली. बोलणंही तेव्हाच बुजलं. ऊब मात्र येते.
धोतराचं एक टोक खांबाला बांधून पिळतो, एकट्याने तसंच जमतं. गळती थांबेपर्यंत दोरीवर. मग भिंतीला, दोन खिळ्यांवर, एकेरी. गच्च ओलं लावलं तर भिंतीची माती सुटते. तिकडचे दोन सैपाक झाले की वाळतं. धुराचा वास राहतो, राहो. माझी एक गोवरी जळत नाही. या दिवसांत कोरडी गोवरी आणायची कुठून.
सकाळी समोरचा किसन येऊन बसला. त्याच्या धोतराला कुबट वास. मी हसत सांगितलं, की माझं तर भावाच्या बायकोच्या विस्तवावर फुकटात सुकतं. तोही हसला. सांगायला नको होतं. किसनच्या पोटात काही राहत नाही.

ता. ५, बुध. नागपंचमी.
भिंत कोमट. पंचमीला तवा ठेवत नाहीत, म्हणून असेल. दुसरं काही नसावं.

ता. ६, गुरु.
भिंत थंड. चार वेळा हात ठेवून पाहिला. गाल लावून पाहिला.
दुपारी माधोची बायको गायीशी बोलली. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. लग्न होऊन आली त्याला सत्तावीस वर्षं झाली, समोरासमोर एक शब्द नाही. मला ऐकवायचं असलं की मधल्या कुंपणाशी गाय बांधते आणि गायीला सांगते.
"खाय वो माय, खाय. चूल हलवली मी, तिकडच्या कोन्यात नेली. लोकायचे धोतरं सुकवाले मी जंगलातून काड्या नाई आणत."
गाय खात राहिली.

ता. ८, शनि.
पा. चालू. भिं. थंड.
रात्री धोतर गोधडीखाली पसरून त्यावर निजलो. धोतर तसंच, गोधडीही ओली, कंबर धरली. मग गोरसीत, मातीच्या शेगडीत, भुशाचे निखारे केले, वर टोपली पालथी घातली, तिच्यावर धोतर. एक टोक करपलं, बोट जाईल एवढं भोक. माधो तान्हा होता तेव्हा आई त्याची दुपटी अशीच वाळवायची. मला राखण बसवायची. एकही करपलं नव्हतं.
मांड्यांत खाज सुटली. आज कणकणही वाटते. तिने मुद्दाम केलं. मला मारायला बसली आहे. माधो पुरुष असून गप्प.

ता. ९, रवि.
आज मीही केलं.
माझ्या ओसरीत वाऱ्याच्या तोंडाला एक दोरी आहे, वाटणीआधीपासूनची. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत माधोचे कपडे तिच्यावर पडत आले. त्यांच्याकडे वारा नाही, खिडकीही नाही. मी कधी काही म्हटलं नव्हतं. आज विळ्याने दोरी कापली. त्याचं धोतर आणि बंडी कुंपणावर फेकली, पावसात.
माधो संध्याकाळी रोवण्यावरून आला. गुडघ्यापर्यंत चिखल. कपडे पाहिले, दोरीची टोकं पाहिली. आठ वर्षांनी बोलला.
"दादा, उद्या मी काय घालू?"
"चुलीले विचार."
तो कपडे उचलून आत गेला. बरं वाटलं. दोन घास जास्त जेवलो.

ता. ११, मंगळ.
माधो ओल्याच कपड्यांत रोवण्याला जातो. किसन म्हणतो, चूल नेली त्या कोपऱ्यात छपराचे कवेलू गळतात, काड्या ओल्या, नुसता धूर होतो, आच लागत नाही. मी म्हटलं, मग आणावी परत जुन्या जागी, कोणी धरलं आहे?
किसन म्हणाला, "तुले दोरी बांधता येते, तिले चूल आणता येते. पहिले कोण करते ते सांग गा."
मी उठून आत आलो. त्याला चहाही विचारला नाही.

ता. १३, गुरु.
भिंत गरम. सकाळपासून सारखी. हरली एकदाची. धोतर एका दुपारात वाळलं, कडक. नेसलो आणि डोळे मिटून बसलो.
संध्याकाळी किसनकडून कळलं. माधोला ताप आहे. थंडीने दात वाजतात. त्याची बाज भिंतीशी ओढली आणि जवळ विस्तव हवा म्हणून चूल जुन्या जागी आणली.
खोकला भिंतीतून ऐकू येतो.
दुसरं धोतर लावलं. लावू नये असं वाटत होतं, पण ओलं होतं.

ता. १४, शुक्र.
सानगडीचा कंपाउंडर पाण्यातून चालत आला. छातीत धरलं आहे म्हणाला. साकोलीच्या दवाखान्यात न्या म्हणाला, पण नाल्यावर पाणी, गाडी जात नाही. तोवर घामाचं कापड अंगावर ठेवू नका, दर वेळी कोरडं द्या. हे सगळं किसनने मला सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
दुपारी माधोची बायको कुंपणाशी आली. गाय गोठ्यात होती. ती माझ्याशीच बोलली, पदर पुढे ओढून, नजर खाली.
"आइकता का जी. त्यायचं अंग ओलंच राहून राहिलं. एक कापड सुकत नाई. ओसरीत दोरी बांधू द्या."
सत्तावीस वर्षांनी. भासऱ्याने भावसुनेला समोर उत्तर द्यायचं नसतं. हो म्हणायचं तरी कसं. मी गोठ्याकडे तोंड केलं.
"माय, ओसरी माह्या हिश्श्याले आली."
हे का म्हटलं? म्हणायचं दुसरंच होतं. दोरी कोनाड्यात तयार होती.
ती म्हणाली, तेही मलाच, "बरं जी."

ता. १५, शनि.
पावसामुळे शाळेत झेंडा उशिरा झाला म्हणे. भिंत गरम. खोकला कमी आहे. कमी झाला हे चांगलं की वाईट, कोणाला विचारू? भिंतीला कान लावला. तिचा आवाज आला, माधोचा नाही.
सकाळीच दोरी बांधली. नवी, काथ्याची, या खांबापासून त्या खांबापर्यंत. दिवसभर कोणी आलं नाही.
माझं कोरडं धोतर घडी करून किसनच्या हाती तिकडे पाठवलं. परत आलं. किसन तिचं बोलणं सांगताना हसला नाही.
"'आमच्याच धुराचा वास येते त्याले,' म्हणे. 'ज्याचं त्याले दे.'"

ता. १६, रवि.
ती सकाळी धुतलेलं घेऊन बाहेर आली. मी खाकरलो. दोरी हलवली, दिसावी म्हणून. तिने वर पाहिलं नाही. कुंपणावर एकेक कापड पसरलं, माझ्या ओसरीच्या बरोबर समोर, धो धो पावसात. माधोचं धोतर, बंडी, चादर. सुरकुती काढून, चारी टोकं ओढून, उन्हात घालावं तसं. आणि आत गेली.
रस्त्याने जाणारा थांबतो. कपड्यांकडे पाहतो, मग माझ्या कोरड्या दोरीकडे, मग माझ्याकडे. दोन बाया डोक्यावर पोतं घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. किसन त्याच्या दारात आहे, इकडे येत नाही.
काढून आणावेत म्हणून उठलो. जवळ गेल्यावर कळलं. माधोच्या कपड्यांवर तिने आपलं लुगडं पसरलं आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भासऱ्याने भावसुनेच्या लुगड्याला हात लावायचा नसतो. तिला माहीत आहे, म्हणून तर वर टाकलं. मी उचललं तर गाव बोलेल, नाही उचललं तरी बोलून राहिलं आहे.
खोकला सकाळपासून नाही. रडणंही नाही. भिंतीला हात लावून पाहायचा धीर होत नाही.
तीनदा कुंपणापर्यंत जाऊन आलो. अंगावरचं धोतर भिजलं. बदललं नाही.