पेठच्या गाडीत उरलेला वेळ

अण्णा,

आज वर्गात एका मुलीने तुमचाच प्रश्न विचारला. गाडी साठच्या वेगाने जात असेल तर आतल्या माणसाचा वेळ किती वाचतो, असं. इतका कमी की कुठल्याही साध्या घड्याळाला कळणार नाही, हे पाठ असलेलं उत्तर मी दिलं आणि फळा पुसला. आता स्टाफरूममध्ये येऊन बसले आहे. पुढ्यात तपासायच्या पेपरांचा ढीग आहे आणि हात उचलवत नाही. दरवर्षी तोच धडा, तीच जुळी भावंडं. एक यानातून फिरून येतो, दुसरा घरी राहतो, आणि भेटतात तेव्हा घरचा जास्त म्हातारा झालेला असतो. मुलं विचारतात, हे परीक्षेला येतं का. येतं म्हटलं की निमूट लिहून घेतात. तेच तेच बोलून मी कंटाळले आहे, अण्णा.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, दिवाळी दिसेल, पुढचं सांगता येत नाही. घरी येऊन तुम्ही मोरीत तोंड धुतलंत आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने जेवायला बसलात. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. परीक्षा तोंडावर होती, म्हणून पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं. काय वाचतेस, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, चालत्या गाडीतलं घड्याळ स्टँडवरच्या घड्याळापेक्षा हळू चालतं, ते. तुम्ही हसलात. एस.टी.च्या ड्रायव्हरला असली सबब चालली असती तर किती बरं झालं असतं, म्हणालात. मग घास हातातच राहिला.

"घड्याळच हळू चालतं, का माणूसबी?"

"माणूसही. आतलं सगळंच."

"आपली गाडी काय साठच्या वर पळत नाय. तरी थोडं उरत असंल ना?"

थोडं उरतं, मी म्हटलं. माझं लक्ष तव्यावरच्या पोळीकडे होतं.

त्याच आठवड्यात तुम्ही आईला ड्यूटीवर बरोबर न्यायला सुरुवात केली. नाशिक-पेठ गाडी कितीतरी वर्षं तुमच्याकडेच होती. घरच्यांचा पास होता, पण तो आजवर फक्त लग्नकार्याला निघायचा. आता आई तुमच्या मागच्या खिडकीशी, पाठीला उशी लावून, शाल गुंडाळून बसते आहे. पेठच्या स्टँडवर तुम्ही तिला चहा नेऊन देता आणि ती दोन घोट घेऊन उरलेला तुम्हालाच देते. ती मळेवाल्यांची लेक. संध्याकाळी अंथरुणावर पडल्या पडल्या मला सांगते, घाटाच्या उतारावर खुरासणी पिवळीधमक फुललीय, नागली अजून हिरवी हाय. सांगताना तिचा चेहरा जरा वर येतो. तुमचे कंडक्टर एकदा दारात मला म्हणाले, तुझ्या वडिलांना काय झालंय कळत नाही, घाटात वहिनींना धक्का नको म्हणून गाडी मुंगीच्या पावलाने नेतात, आणि शहराबाहेर सपाटी लागली की अशी पळवतात की म्हाताऱ्या ओरडायला लागतात. मला कारण कळलं. मी त्यांना सांगितलं नाही.

मी मात्र वैतागले होते. सकाळी डबा करून द्यायचा, पाणी भरायचं, कॉलेज गाठायचं, आणि परत येऊन कुलूप उघडलं की घरात कोणी नाही. शेजारच्या बायका मलाच बोलायच्या, आजारी बाईला कशाला हिंडवता. एकदा मी तुम्हाला तोडून म्हटलं, तिला घरी निजू द्या, तिची हाडं खिळखिळी होतील. तुम्ही बुटांची नाडी बांधत होतात. वर न बघता म्हणालात, "घरी पडून राहिली की तिचा दिस भरभर सरतो गं. गाडीत तसा सरत नाय. तूच शिकवलंस ना मला." फॉर्म्युला लिहून दाखवला असता तर तुम्ही गाडी थांबवली नसती, आणि थांबवली असती तर ते मलाच सोसलं नसतं.

दिवाळी झाली. आई संक्रांत करून गेली. दहाव्याला तुम्ही मामांना म्हणालात, गाडीनं तिला संक्रांत दाखवली. पुढे काही वर्षांनी, नोकरी संपण्याआधीच, तुम्हीही गेलात.

या हिशोबात तुमची एक चूक होती, अण्णा. गाडीतल्या माणसाला स्वतःचा वेळ कधी लांबलेला वाटत नाही. आईच्या हातातलं घड्याळ तिच्यासाठी नेहमीसारखंच चाललं, श्वास जेवढे होते तेवढेच राहिले. तुम्ही तिच्याबरोबरच पळत होतात, तेव्हा तुमच्या वाट्यालाही जास्तीचं काही आलं नाही. फरक पडतो तो जागेवर राहिलेल्याला. म्हणजे तुम्ही त्या खटाऱ्यातून जे काही वाचवलंत, ते सगळं घरी कुलूप उघडून बसणाऱ्या पोरीला मिळालं. माझ्या घड्याळाने आई कणभर उशिरा गेली. उंचीवर घड्याळ जरा जलद चालतं, म्हणजे घाटाने त्यातलं काही परत घेतलंही असेल. ते मी मोजायला बसले नाही. तुम्ही जे कमावलंत त्यातून वजाबाकी करणं माझ्या जिवावर येतं.

हा कागद पेपरांबरोबर घरी जाईल आणि कुठेतरी पडून राहील. तुम्हाला पोचवायचा म्हटलं तरी कुठे पोचवणार.

मी तुमच्याबरोबर आले असते तर माझंही घड्याळ तुमच्याचसारखं चाललं असतं आणि मला ते कणभरही मिळालं नसतं. वर्गात हे मी अगदी सहज सांगते. पण तुम्ही दोघं सकाळी निघायचात तेव्हा मी दारात उभी असायचे, आणि खरं सांगते अण्णा, मला गाडीत यायचं असायचं.