अरुंधती, वसिष्ठ आणि चुन्नीलालचा हॅलोजन

मी, शालीकराम दसाराम टेंभरे, वय एकोणसत्तर, राहणार कामठा, तालुका व जिल्हा गोंदिया, पूर्वी गोंदियात चष्म्याचे दुकान चालवणारा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. निमित्त असे की सोमवारी माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. पत्नी सौ. दुर्गेश्वरी म्हणते, "मोतीबिंदूसाठी कोनी मृत्युपत्र लिवते का जी?" लिहितो. उजवा डोळा हा माझा दुर्बिणीचा डोळा आहे. तोच गेला तर बाकीचा शालीकराम राहून काय उपयोग?

कलम १. राहते घर, धानाची बांधी म्हणजे शेत आणि बँकेत जे काही असेल ते सर्व दुर्गेश्वरीचे. तिच्यामागे मुलगा इंद्रकुमार याचे. यावर वाद नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

कलम २. इंद्रकुमार नागपुरात नोकरीला आहे. मी त्याला शनीची कडी दाखवली तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, मोबाईलमध्ये याच्यापेक्षा मस्त दिसते." म्हणून दुर्बिणीला मोबाईल अडकवण्याचा क्लॅम्प त्याला देत आहे. दुर्बिणीशिवाय तो कशाला अडकवायचा, हे त्याने मोबाईललाच विचारावे.

कलम ३. आता मुख्य मालमत्ता. माझी आरशाची दुर्बीण, तिची तिपाई, डोळ्याजवळ लावायचे दोन आयपीस (एक कमी मोठे दाखवणारा, एक जास्त), चंद्र डोळ्यांत खुपू नये म्हणून लावायची काच, आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद चिकटवलेली टॉर्च. ही दुर्बीण मी आणि शेजारी चुन्नीलाल पटले यांनी मिळून नागपूरहून रेल्वेने आणली. आख्खा रस्ता चुन्नीलालने ती मांडीवर धरली होती आणि डब्यातल्या प्रत्येकाने बोअरवेल कुठे मारता म्हणून विचारले. पहिल्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर पुष्कळ वेळ काळोख पाहिला. चुन्नीलाल म्हणाला, "आज अमावस्या असन." मग दुर्गेश्वरीने येऊन पुढचे झाकण काढले. असे आमचे दिवस होते. चुन्नीलालसारखा मित्र मला दुसरा मिळाला नाही, हे मी कायद्याच्या कागदावर लिहितो आहे.

कलम ४. वैराचे कारण नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण चुन्नीलाल गावभर वेगळेच सांगतो. त्याची मुलगी दामिनी हिच्या लग्नात सप्तपदीनंतर नवरीला अरुंधती दाखवायची होती. आपल्याकडे भटजी आभाळाकडे बोट करतात, नवरी मांडवाच्या कापडाकडे पाहून "दिसली" म्हणते आणि सगळे जेवायला जातात. चुन्नीलालला हे मान्य नव्हते. "माह्या पोरीले खरीखुरी दाखव. अन् मोठी दाखव, पाव्हणे पाह्यत राह्यले पायजेत!" म्हणून मी मांडवाबाहेर दुर्बीण मांडली आणि जास्त मोठे दाखवणारा आयपीस लावला. दामिनीने डोळा लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "काका, इथं त तीन हायेत."

ती खरेच बोलली. साध्या डोळ्यांना वसिष्ठ आणि शेजारी अरुंधती अशी जोडी दिसते. दुर्बिणीतून वसिष्ठाला अगदी खेटून आणखी एक तारा दिसतो. तो मी ठेवलेला नाही. पण नवरदेवाच्या आत्या जमुनाबाई उभ्या राहिल्या. "मंग हे तिसरी कोन होय? ऋषीनं दुसरी केली का?" मांडवात असा गोंधळ झाला की वरण थंड झाले. मुलीकडचे म्हणू लागले की अपशकुन झाला, आता नवरदेवाने शब्द द्यावा. शेवटी त्या गरीब पोराने डीजेच्या माईकवर जाहीर केले की तो आयुष्यात दुसरी बायको करणार नाही. व्हिडिओवाल्याने ते दोनदा बोलून घेतले.

चुन्नीलाल मला म्हणाला, "शाल्या, तुनं भर मांडवात वसिष्ठाले दुसरी बायको काढली!" आणि त्याच आठवड्यात त्याने धानाच्या गोदामावर हॅलोजन बसवला. चोरांसाठी म्हणतो, पण त्याचे तोंड माझ्या गच्चीकडे आहे. चोर माझ्या गच्चीवरून येतात असे त्याला वाटते काय? तेव्हापासून आम्ही बोलत नाही आणि मला चंद्राखेरीज फारसे काही दिसत नाही.

कलम ५. वरील दुर्बीण, तिपाई व सर्व सामान मी दामिनी हिला देत आहे. कारण कामठ्यात आजवर अरुंधती खरोखर पाहिलेली नवरी तीच. शिवाय माहेरी आली की ती गुपचूप येऊन सांगते, "काका, त्या तिसऱ्यानं माझं भलंच केलं. घरात कुरकुर झाली की मी तो व्हिडिओ लावते." अट एकच. दिवसा तिपाईवर कुरड्यांची चादर बांधण्याचा हक्क दुर्गेश्वरीला हयातभर राहील.

कलम ६. चुन्नीलालला काय द्यावे यावर मी पुष्कळ विचार केला. वकील म्हणाले, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काही देऊ नये, उगाच वाद होतात. म्हणून मी त्यालाच साक्षीदार केले आहे. कायद्याने त्याने माझी सही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे. ती मी अंधार पडल्यावर गच्चीवर करणार, आणि त्याची खुर्ची गोदामाकडे तोंड करून मांडली आहे. निरोप दामिनीकडून दिला आहे. तो यावा, एवढीच माझी इच्छा आहे. बाकी मालमत्तेचे काही का होईना.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: शा. द. टेंभरे
ठिकाण: कामठा (गच्ची)
दिनांक: १७ मे २०२५

साक्षीदार १: गोवर्धन रामटेके, निवृत्त लाइनमन, कामठा. (सही लाल टॉर्चच्या उजेडात केली, कारण खाली पाहावे.)

साक्षीदार २: चुन्नीलाल पटले, कामठा. सही करताना हॅलोजन डोळ्यांवर येऊन राहिला होता, कागद दिसेना. म्हणून घरी फोन करून बंद करायला लावला. परत लावायचा का नाही ते अजून ठरवलं नाही. दुर्बिणीचं झाकण या वेळी मीच काढलं. तिसरा तारा पाहिला. आहे. शाल्याचं ऑपरेशन होईपर्यंत रोज येऊन पाहीन, नंतरचं नंतर.