एकविसाव्या पानाची दुरुस्ती

मी, राधाकृष्ण सहादेव दरंदले, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी अध्यापकी व आता पेन्शन, मूळ गाव राहुरी तालुक्यात, हल्ली राहणार माळीवाडा, अहमदनगर, हे मृत्युपत्र आज बुधवार, दिनांक ९ ऑगस्ट १९७२ रोजी स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरण तर नको तितके शाबूत आहे. माझ्यावर कोणाही माणसाचा दाब नाही. भीतीचा आहे. तो कायद्यात बसतो की नाही हे मी वकिलांना विचारले नाही, कारण वकिलांनाही मी थोडा घाबरतो.

परवा शुक्रवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. हेच वाक्य मी बावीस वर्षे परीक्षेआधी मुलांना सांगितले आणि निम्मा वर्ग नापास केला, त्यामुळे त्यावर माझा विश्वास नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. आम्हांस अपत्य नाही.

कलम १. माळीवाड्यातील राहते घर, त्यातील भांडीकुंडी, बँकेतील शिल्लक व पोस्टातील ठेव ही सर्व माझी पत्नी सौ. विजयमाला हिची. तिने बत्तीस वर्षे माझ्याशी संसार केला, म्हणजे रोज रात्री मी दाराची कडी तीनदा तपासून येईपर्यंत दिवा धरून उभी राहिली. कशाला घाबरता, असे तिने एकदाही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते. तिच्या पश्चात घर कलम ७ मध्ये लिहिलेल्या कामी यावे.

कलम २. गावाकडील जमिनीतला माझा हिस्सा धाकटा बंधू छगन यास द्यावा. विहिरीवरून आमचे अकरा वर्षे बोलणे नाही. यंदाच्या दुष्काळात विहीर तळापर्यंत कोरडी पडली आहे, तेव्हा भांडायलाही काही उरलेले नाही. वडील गेल्यावर मला कॉलेजात धाडायचे म्हणून छगनची शाळा सुटली. हे त्याने आजवर तोंडातून काढले नाही. काढील या धास्तीने मीच त्याच्याकडे जायचे टाळले आणि लोकांना सांगितले की तो तिरसट आहे. तो तिरसट नाही.

कलम ३. शेजारी कानिफनाथ बोरुडे यांच्या शेवग्याच्या फांद्या माझ्या अंगणात येतात, याबद्दल मी नगरपालिकेत केलेले तिन्ही अर्ज मागे घ्यावेत. शेंगा मी खात होतोच.

कलम ४. माझी पुस्तके, दोन ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कंपासपेटी व स्लाइड रूल ही कलम ७ मधील वर्गासाठी ठेवावीत आणि ज्याला लागतील त्याला घरी नेऊ द्यावीत. कॉलेजात खेड्यातून आलेली चार-चार पोरे मिळून एक कंपासपेटी वापरीत. ज्याची पाळी शेवटी, त्याचा कागद अपुरा राही. त्या अपुऱ्या कागदावर मी लाल शाईने ‘आळशी’ असे लिहीत असे. खरे कारण मला ठाऊक होते, कारण मीही एकेकाळी तसाच शेवटच्या पाळीचा होतो.

कलम ५. हे कलम वाटणीचे नाही, पण ते लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

बावीस वर्षे मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पदविका वर्गाला बांधकामाचा विषय शिकवला. कॉलेजचे नाव लिहीत नाही. दोष त्याचा नाही. शिकवला म्हणजे इंग्रजीत नोट्स सांगितल्या. मला इंग्रजी वाचता येई, बोलता येत नसे. कोणी मध्येच शंका काढली की पाठ केलेले वाक्य सुटे आणि पुढचे सापडेना. म्हणून मी नियमच केला की माझ्या तासाला प्रश्न विचारायचा नाही. मुलांना वाटे, सर फार कडक आहेत. सर घाबरट होते.

१९६३ साली मी नोट्स सायक्लोस्टाइल करून वाटल्या. विसाव्या पानावर दोन्ही टोकांना भिंतीवर टेकलेल्या स्लॅबची आकृती आहे. तिच्यात सळया खालच्या अंगाला असतात, ते बरोबर. एकविसाव्या पानावर सज्जा आहे, म्हणजे एकीकडे भिंतीत धरलेला आणि पुढे अधांतरी. त्यात सळया वरच्या अंगाला पाहिजेत. स्टेन्सिलवर रेघा ओढताना हात सवयीने चालला आणि मी त्या इथेही खालीच काढल्या. ज्याला हे समजत नसेल त्याने जुनी रबरी चप्पल घ्यावी, टाच घट्ट धरावी आणि पुढचे टोक खाली दाबावे. भेगा वर उघडतात. त्या भेगा धरून ठेवणे हे सळईचे काम. दोन मिनिटांची गोष्ट आहे. परंतु इंग्रजी तासाला चप्पल शोभत नाही म्हणून ती मी वर्गात कधी नेली नाही.

१९६४ च्या वर्गात एकच मुलगी होती, दया थॉमस भिंगारदिवे, नगरच्याच एका मास्तरांची मुलगी. तिने हात वर केला आणि मराठीत विचारले, “सर, सज्जा वरून फाटणार ना? मग सळया खाली कशा?”

त्याच क्षणी मला कळले की ती बरोबर आहे. हे मी शपथेवर लिहितो. मी तिला म्हणालो की हे पापड लाटणे नव्हे, आणि वर्ग हसला. मग तिला बाहेर काढले. त्या सत्रात माझ्या प्रत्येक तासाला ती व्हरांड्यात उभी राहून ऐकत असे, कारण आत ये असे मी म्हटले नाही. दिवाळीनंतर ती कॉलेजात परत आली नाही.

चूक सुधारायची म्हणजे तिचे बरोबर होते असे सांगायचे. ते माझ्याने झाले नाही. १९६५ च्या वर्गालाही मी तेच पान दिले. १९६६ ला गुपचूप नवी स्टेन्सिल कापली. आधीच्या तीन वर्गांतल्या एकशे सात विद्यार्थ्यांना काहीही कळवले नाही. ते आता जिल्हाभर ओव्हरसिअर आहेत, ठेकेदार आहेत, बांधकामे करीत आहेत. बहुतेकांना कामावर कोणीतरी जाणता भेटला असेल आणि त्यांची चूक सुधारली असेल. असेल, एवढेच मी म्हणू शकतो.

कलम ६. कपाटात वरच्या फळीवर भरजरी शाल आहे. ती कोणासही देऊ नये आणि माझ्या अंगावरही घालू नये.

ही शाल यंदा मे महिन्यात मिळाली. १९६५ च्या वर्गातला गहिनीनाथ ढवळे जामखेडकडे ओव्हरसिअर आहे. तो मला मुद्दाम जीपमधून घेऊन गेला. खर्ड्याच्या अलीकडे एका गावात त्याने शाळेची माडी बांधली आहे. वर तीन वर्ग आणि पुढे चार फूट बाहेर आलेली लांबलचक गॅलरी, खाली एकही खांब नाही. गहिनीनाथने पिशवीतून लाल फडक्यात बांधलेल्या माझ्या नोट्स काढल्या. दर खंडेनवमीला तो हत्यारांबरोबर त्यांची पूजा करतो. पानांवर हळदीकुंकवाचे डाग होते आणि पेन्सिलीची एक रेघसुद्धा नव्हती. पूजेतल्या वस्तूवर कोण खुणा करणार?

तो म्हणाला, “समदं तुमच्या नोट्सवरनंच केलंया, सर. पान एकवीस. एक सळई हिकडची तिकडं न्हाई.”

मी वर गेलो. भिंतीलगत गॅलरीच्या फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी भेग होती. कोणीतरी तिच्यात सिमेंट भरले होते आणि ती शेजारून पुन्हा उघडली होती. गहिनीनाथ म्हणाला, प्लास्टर आकसले असेल. मी म्हणालो, हो, प्लास्टर आकसते. हे मी बोललो. माझे पाय गॅलरीवर होते आणि ते मागे घेताना कोणाला दिसू नये याची मला काळजी होती. नंतर खाली सतरंजीवर शाल, श्रीफळ आणि गुरूच्या उपकारांवर भाषण झाले. मुख्याध्यापकांनी सांगितले की यंदा स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव, तेव्हा पंधरा ऑगस्टला वरचे सगळे वर्ग गॅलरीत उभे करून झेंड्यावर फुले टाकायची. मी पेढा खाल्ला.

रिकामी गॅलरी आपल्या वजनाला उभी राहील. दीडशे मुले एकदम कठड्याशी आली तर काय होईल याचे गणित मी घरी येऊन चार वेळा मांडले. चारही वेळा उत्तर एकच आले. तेव्हापासून दाराशी सायकलची घंटा वाजली की तारवाला आला असे वाटून मी मागच्या खोलीत जाऊन बसतो आणि दार विजयमालाला उघडायला लावतो.

कलम ७. घराची पुढची खोली इंजिनिअरिंगच्या मुलांच्या शंकांसाठी द्यावी. फी नसावी. शिकवणे मराठीत व्हावे. इंग्रजी शब्द लागतील तेवढे मुले शिकतील, ती काही दगड नाहीत. मुलांनी तीन प्रश्न विचारल्याशिवाय वर्ग सुटू नये. शिकवणाऱ्यास उत्तर येत नसेल तर त्याने ‘मला येत नाही, उद्या पाहून सांगतो’ असे मोठ्याने म्हणावे. जो नापास होईल त्याच्या घरी एकदा जाऊन यावे, तो काय खातो, कोठे बसून अभ्यास करतो हे पाहावे आणि मगच त्याला आळशी म्हणावे. फळ्याशेजारी खिळ्याला एक जुनी रबरी चप्पल टांगावी. हा वर्ग कु. दया भिंगारदिवे हिने चालवावा अशी माझी विनंती आहे. ती आता इथल्याच एका हायस्कुलात गणित शिकवते. तिला मी काही दिलेले नाही. एक तर ती यावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे, साक्षीदारास काही देऊ नये असे ऐकले आहे, आणि दिले असते तरी तिने घेतले नसते.

कलम ८. कपाटातील पत्र्याच्या पेटीत एकशे सात पत्रे आहेत. प्रत्येकात एकविसाव्या पानाची बरोबर आकृती आहे, भेग कशी ओळखावी व टेकू कसे लावावेत हे लिहिले आहे आणि चूक माझी असल्याचे कबूल केले आहे. पत्ते घातले आहेत, तिकिटे लावली आहेत. माझ्या मृत्यूनंतर ही पत्रे ताबडतोब टपालात टाकावीत.

येथपर्यंत लिहून मी सह्यांसाठी साक्षीदारांना बोलावले. त्यानंतर जे घडले ते लिहिणे भाग आहे, कारण त्यामुळे वरील मजकुरात बदल झाला.

कानिफनाथ बोरुडे आले ते चष्मा विसरून, आणि सही कुठे करू असे विचारू लागले. दया सकाळची शाळा सुटल्यावर आली. साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर वाचावा लागत नाही, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली की न वाचता सही करायची तिला सवय नाही. ती खुर्ची दाराच्या उजेडात ओढून वाचत बसली. पाचव्या कलमाशी ती बराच वेळ थांबली. मी भिंतीकडे पाहत होतो. विजयमालाने चहा आणला, तो तसाच निवला.

शेवटी तिने कागद खाली ठेवले. “सर, शुक्रवारी तुम्ही वाचलात, तर ही पत्रं कपाटातच राहणार?”

मी म्हणालो, तसे नव्हे. गहिनीनाथची नोकरी जाईल असे मी म्हणालो. पेन्शनची चौकशी लागेल म्हणालो. नगरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असेही म्हणालो.

“पंधरा ऑगस्ट मंगळवारी आहे,” ती म्हणाली. “पोरं गॅलरीत उभी राहतील. तुम्ही जिवंत आहात की नाही, याची ती वाट बघणार नाहीत.”

मग मी जे कोणाही विद्यार्थ्यासमोर कधी बोललो नव्हतो ते बोललो. म्हणालो, “दया, मला फार भीती वाटते.”

“मलाही वाटत होती, सर. तरी मी हात वर केला होता.”

हे ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला सोपे गेले असते. विजयमाला उठली, आतून पत्र्याची पेटी घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. पेटीत काय आहे हे तिला ठाऊक होते, हे मला तेव्हा कळले.

सबब, कलम ८ रद्द समजावे. एकशे सात पत्रे आज सायंकाळी पाच वाजता कानिफनाथ बोरुडे यांच्या सायकलवरून मोठ्या पोस्टात गेली. सोबत दया गेली. तिने तेथून गहिनीनाथला व त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तार केली. मजकूर मी सांगितला, तो असा: “गॅलरीवर कोणासही जाऊ देऊ नये. खालून टेकू लावावेत. पान एकवीस चुकीचे आहे. चूक माझी, गहिनीनाथची नव्हे. उद्या येतो. दरंदले.”

उद्या सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी जामखेडला जाणार आहे. डॉक्टरांनी प्रवास करू नका असे बजावले आहे. टेकू लागलेले डोळ्यांनी पाहून रात्री परत येईन व शुक्रवारी ठरल्याप्रमाणे इस्पितळात जाईन. ऑपरेशनच्या टेबलावर दगावलो तर वरील सर्व कलमे लागू. प्रवासात दगावलो तर दयाने पुढे जावे. तिला त्या गॅलरीत काय पाहायचे ते कोणी सांगावे लागणार नाही. भीती कमी झालेली नाही. पत्रे टाकल्यावर कमी होईल असे वाटले होते, पण झाली नाही, आणि झाली असे खोटे मी लिहून ठेवणार नाही.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, वाचून व वाचवून घेऊन, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले आहे.

ठिकाण: माळीवाडा, अहमदनगर
दिनांक: ९ ऑगस्ट १९७२, सायंकाळी साडेसहा

(सही) राधाकृष्ण सहादेव दरंदले

साक्षीदार:

१. (सही) कानिफनाथ बोरुडे, शेजारी. चष्मा आणून सही केली.

२. (सही) दया थॉमस भिंगारदिवे, शिक्षिका. मी हे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले आहे. सही करताना सर पूर्ण शुद्धीवर होते. उद्या त्यांच्याबरोबर मी जात आहे.