समुद्रावरचा चंद्र

नाशिक, १९३६

दुल्हाभाईंना हुस्नबानोचा सलाम.

तुम्ही काढलेला आपाचा शेवटचा फोटो पोचला. रत्नागिरीचा किनारा, खडकावर आमची अमिनाआपा आणि मागं समुद्रावर पुनवेचा चंद्र. संध्याकाळी मगरिबच्या वेळी, चंद्र उगवताना हा फोटो काढला आणि लगेच लाट तिला घेऊन गेली, असं तुम्ही लिहिलंत. अम्मी तो उराशी धरून रडते. गोदाकाठच्या माणसांना समुद्रातलं काय कळणार!

पण गेल्या वर्षी मी तुमच्याकडे राहिले होते. पुनवेचा चंद्र तुमच्या घरामागच्या डोंगरावरून वर आला होता. समुद्राकडे तो गेला थेट पहाटे फजरला, मावळायला. आपानंच मला उठवून दाखवला होता.

म्हणजे संध्याकाळी बुडालेली माझी बहीण पहाटे फोटोला उभी होती. घाबरल्या डोळ्यांनी ती तुमच्याकडे बघतेय.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही सावध व्हाल. थोरली गेली की धाकटी द्यायची, ही आपल्याकडची रीत. अब्बांनी विचारलं, मी हो म्हटलं. शुक्रवारी निकाहला या. सगळी जमात असेल.

फोटो माझ्या ओढणीखाली असेल.

आपाची धाकटी,
हुस्नबानो