मलागाच्या विमानासाठी झाडं

उमेओ,
१४ नोव्हेंबर २०१९

प्रिय लिसबेट,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. माझा गुडघा बरा आहे. लिंगनबेरीचा मुरंबा यंदा जरा पातळ झालाय, तरी दोन बरण्या तुझ्यासाठी ठेवल्यात.

तू विचारलंस, "ताई, पाच वर्षं तू विमानात पाय ठेवला नाहीस, मग तुझ्या खणात ती झाडं लावल्याची प्रमाणपत्रं कसली? आम्हाला उपदेश करून पोट भरलं नाही का?" वाचून हसले. पण तू इथे आली असताना तो खण उघडलास, तेव्हापासून मी धास्तावले आहे.

प्रवासाच्या बदल्यात झाडं लावायला कंपनीला पैसे द्यायचे, विमानाच्या धुराची ही भरपाई लोक का विकत घेतात? शेजारची बेरिट दरवर्षी थायलंडहून आली की घेते. म्हणते, "झाडं लावली की मला झोप लागते गं." तिचा नवरा घेतो तो ऑफिसात कॉफी पिताना सांगायला. दोघांची मी मनसोक्त टिंगल केली आहे. 'रेल्वेनेच जाऊ' मंडळाची अध्यक्ष ना मी! पेपरात फोटोसुद्धा छापून आलाय, स्टेशनवर बॅग घेऊन उभी असतानाचा.

माझी सगळी प्रमाणपत्रं एकाच प्रवासाची आहेत. स्टॉकहोम ते मलागा, मंगळवार, १२ मार्च. दर महिन्याला मी त्याचीच भरपाई पुन्हा भरते. कंपनीतल्या मुलीने एकदा फोन केला, "बाई, या प्रवासाची झाडं केव्हाच लावून झाली." म्हटलं, "अजून लावा."

मी विमानाने आले होते, लिसबेट. तुला कळवलं होतं की ट्रेनने निघालेय, गुरुवारी संध्याकाळी पोचेन. आले मंगळवारी दुपारीच, कारण तिथे स्पेनमध्ये, तुझ्याकडे आजारी असलेल्या बाबांना बघायचं होतं. पण इस्पितळात, मलागाला राहायला गेलेली आपल्या गावची माणसं बसलेली असायची. इतक्या लवकर कशी आलीस म्हणाले असते. तू म्हणाली होतीस, डॉक्टर अजून आठवडाभर तरी सांगताहेत. म्हणून इस्पितळाच्या मागच्या गल्लीत खोली घेतली आणि गुरुवारची वाट बघत बसले. गुरुवारी केस मुद्दाम विस्कटून आले, तोवर बाबांना जाऊन एक दिवस झाला होता.

दफनानंतर कॉफी घेताना तू सांगत होतीस, "बुधवारी सकाळपासून बाबांचं एकच. गुनेल मागच्या गल्लीत आलीय. पिवळ्या भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसलीय, एकाच पायात बूट आहे. तिला म्हणावं, वर ये." सगळे म्हणाले, तापात माणूस काहीही बरळतं.

भिंत पिवळीच होती. दुसरा बूट माझ्या हातात होता. घालत होते, काढत होते, जाऊ की नको.

तेव्हापासून भिंतीसमोर बसवत नाही. पलीकडून कोणीतरी बघतंय असं वाटतं, आणि ते रागावलेलंही नाही. कंपनी माझ्या झाडांचे फोटो पाठवते. एकदाच उघडला होता. रोपांच्या रांगेत, बसलेल्या माणसाएवढी एक जागा मोकळी होती. लोकांना वाटतं झाडं लावली की प्रवासाची भरपाई होते. मला तो प्रवास झालाच नव्हता असं हवंय.

बाकीचं तुला ठाऊकच आहे, फक्त त्याचा अर्थ ठाऊक नाही. तू त्यांना समजावत राहिलीस, "बाबा, ती अजून फ्रान्समध्ये, लियॉंला आहे, हा बघा मेसेज." तो मेसेज मी त्या खाटेवरून लिहिला होता. दुपारी त्यांनी अखेर तुझं ऐकलं. "एवढी लांब आहे, तर राहू दे," म्हणाले, आणि डोळे मिटले.

ताई म्हणून सही करावी की नाही, ते तू ठरव.

गुनेल